किहीमच्या वाड्यांत घरांची दाटी

अलिबाग-रेवस मार्गावर चोंढी नाक्यापासून पश्चिमेकडे वळले, की किहीमचा रस्ता सुरू होतो. दोन्ही बाजूंना नारळ-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या पलीकडे सुरूचे बन आणि शेवटी समुद्र, असे या गावाचे चित्र पर्यटकांच्या मनात वर्षानुवर्षे ठसलेले आहे. प्रत्यक्षात रस्त्यावरून जाताना आता वाडीपेक्षा वाडीची भिंत अधिक दिसते. भिंतीआड कोठे नवा बंगला उभा असतो, कोठे जुने कौलारू घर पाडून त्याच जागी दुमजली इमारत उभी राहत असते, तर कोठे एका वाडीचे पाच-सहा भूखंड करून प्रत्येकावर स्वतंत्र फाटक बसविलेले असते.

शहरातील मोकळ्या जागा भरून काढणे आणि जुन्या घरांच्या जागी नवी बांधणे, ही प्रक्रिया पुण्या-मुंबईला नवी नाही. किहीमसारख्या गावात मात्र तिचे स्वरूप वेगळे आहे. येथे भरली जाते ती पडीक जागा नव्हे, तर पिकती वाडी; आणि वाढतात ती घरे बहुतांशी सुटीच्या दिवशी उघडणारी. ही वाढ कशी झाली, तिला कोणते कायदे लागू होतात आणि तिचा भार कोणावर पडतो, याचा हा आढावा.

वाडी : बाग, घर आणि विहीर

अलिबाग ते चौल-रेवदंडा या किनारपट्टीला जुन्या काळापासून 'अष्टागर' म्हणतात. आगर म्हणजे किनाऱ्यालगतची बागायत. या पट्ट्यातील वाडी ही केवळ झाडांची जागा नसते. पुढे अंगण, त्यामागे ओटी, माजघर आणि पडवी असलेले घर, मागे विहीर, विहिरीवर पूर्वी रहाट व आता पंप, आणि तेथून निघालेला पाट झाडांच्या आळ्यांपर्यंत पोचलेला, अशी ती रचना असते. उंच नारळ, त्याच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढलेला मिरीचा किंवा पानाचा वेल आणि खाली केळी, अशा थरांनी थोड्या जागेत अनेक पिके घेतली जातात.

या रचनेत घर लहान आणि बाग मोठी असते. पावसाचे पाणी वाळूमिश्रित जमिनीत मुरते, विहिरीत साठते आणि उन्हाळ्यात बागेला मिळते. नव्या बांधकामात हे प्रमाण पालटते. बंगला, वाहनतळ, फरसबंदी आणि पोहण्याचा तलाव यांनी भूखंडाचा बराचसा भाग व्यापला, की झाडे शोभेपुरती उरतात. कागदावर तो भूखंड हिरवा दिसू शकतो. वाडी म्हणून मात्र तो संपलेला असतो.

गावाची जुनी ओळख

शहराशी किहीमचा संबंध आजचा नाही. शेजारचे नवगाव हे बेने इस्रायल समाजाचे पूर्वज जहाज फुटून ज्या किनाऱ्याला लागले, ते ठिकाण मानले जाते. या समाजाची अनेक कुटुंबे पुढे मुंबईत स्थायिक झाली, पण आडनावात त्यांनी गाव जपले. बेने इस्रायलांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर हे त्यांपैकीच एक. 'केहिमकर' म्हणजे किहीमचे.

पुढे मुंबईतील संपन्न कुटुंबांनी येथे समुद्रकाठची विश्रांतिस्थाने उभारली. त्यांत तय्यबजी घराण्याचे नाव ठळक आहे. याच घराण्याशी नाते असलेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली १९३० मध्ये किहीमला राहत होते. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे जवळून निरीक्षण केले. नर सुगरण अर्धवट घरटे विणतो, मादीने ते पसंत केले तरच पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नव्या घरट्याला लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने किहीमचे नाव पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत गेले.

त्या काळातील सुटीची घरे संख्येने मोजकी होती. ती वाडीतच, वाडीच्या मापाने बांधलेली होती. म्हणजे बाहेरच्या माणसांचे येणे गावाला नवे नव्हते. नवे आहे ते त्यांच्या घरांचे आकारमान आणि त्यांची संख्या.

अंतर घटले, मागणी वाढली

किहीमहून मुंबई डोळ्यांना दिसते, पण जमिनीवरून जाताना खाड्यांना वळसा घालून पेण-वडखळमार्गे जावे लागते. या अंतरानेच गावाचे दीर्घकाळ रक्षण केले. गेटवे-मांडवा जलवाहतूक नियमित झाल्यावर ते कमी झाले. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारीसह प्रवास करता येणारी रो-रो सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबईकराचे वाहनच थेट किहीमच्या दारात येऊ लागले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू वाहतुकीसाठी खुला झाल्याने रस्त्याचा प्रवासही आटोपशीर झाला. रेवस-करंजा खाडीपूल पूर्ण झाल्यावर उरलेला वळसाही जाईल.

या प्रत्येक टप्प्यावर जमिनीचे भाव चढले. करोनाच्या साथीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुजली आणि 'दुसरे घर' ही केवळ अतिश्रीमंतांची चैन राहिली नाही. स्वतंत्र बंगला परवडत नसेल, तर एकाच आवारातील लहान घर घेणारा ग्राहकही आता येथे येतो. वाडीचे तुकडे पडण्यामागे हेही एक कारण आहे.

जमीन हातांतून हातांत कशी जाते

महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तरीही शहरवासीयांना येथे जागा मिळते, ती प्रामुख्याने एका साखळीतून. शेतकरी असल्याचा दाखला असलेली व्यक्ती वाडी विकत घेते, ती अकृषिक करून घेते, तिचे भूखंड पाडते आणि ते भूखंड बिगरशेतकरी ग्राहकाला विकते. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे कायदेशीर असू शकते. मात्र साखळीच्या शेवटी बागायत उरत नाही.

या कायद्याचा इतिहास याच तालुक्याशी जोडलेला आहे. खोतांच्या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा त्याला पाठिंबा होता. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक होण्याचा हक्क मिळाला. अशा जमिनींच्या विक्रीवर कलम ४३ ने निर्बंध घातले, ते कष्टाने मिळालेली जमीन पुन्हा मोठ्या खिशाच्या हाती सहज जाऊ नये म्हणून. पुढे हे निर्बंध शिथिल झाले. खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे उलटली असतील, तर ठरावीक नजराणा भरून विक्रीची वाट मोकळी झाली. विक्रेत्याच्या दृष्टीने हा त्याचा हक्कच आहे. मुलांचे शिक्षण, आजारपण किंवा भावांमधील वाटणी अशा कारणांनी वाडी विकणाऱ्याला दोष देता येणार नाही. पण एकदा विकलेली वाडी त्या कुटुंबाला पुन्हा विकत घेता येत नाही, हेही तितकेच खरे.

किनाऱ्यावरचा कायदा

नोव्हेंबर १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले होते. त्या भूमिकेला १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने कायद्याचे बळ मिळाले. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली काढलेली ही अधिसूचना 'सीआरझेड' या नावाने परिचित आहे.

ग्रामीण किनाऱ्यासाठी, म्हणजे सीआरझेड-तीनसाठी, तिच्यातील तरतुदी स्पष्ट होत्या. भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही. अस्तित्वातील अधिकृत घराची दुरुस्ती चालेल, पण त्याचे जोते, चटईक्षेत्र व घनता वाढता कामा नये. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात परंपरागत हक्क व वहिवाटीच्या मर्यादेत घरे बांधता येतील. मात्र तळमजला व त्यावर एक मजला, उंची ९ मीटरपर्यंत आणि सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम भूखंडाच्या ३३ टक्क्यांपर्यंत, या मर्यादा पाळाव्या लागतील. एकूण घरांची संख्याही मूळ संख्येच्या दुपटीपलीकडे जाऊ नये, अशी अट होती.

६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमार व अन्य पारंपरिक किनारी समाजांच्या घरांसाठी १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात वाट ठेवली. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकवस्ती असलेल्या भागात ना-विकास पट्टा ५० मीटरवर आला. इतरत्र तो २०० मीटरच राहिला.

या मर्यादा गाळल्या जातात त्या प्रामुख्याने तीन ठिकाणी. पहिली जागा 'दुरुस्ती' या शब्दात आहे. जुन्या घराची नोंद दाखवून दुरुस्तीची परवानगी घ्यायची आणि प्रत्यक्षात नवे, मोठे घर उभारायचे, अशा तक्रारी किनाऱ्यावर सर्वत्र ऐकू येतात. दुसरी जागा परवानगी देणाऱ्या यंत्रणेत आहे. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे सीआरझेडची परवानगी नव्हे, हे अनेकदा सोयीस्करपणे विसरले जाते. तिसरी जागा मोजणीत आहे. भरतीरेषा नेमकी कोठून धरायची, यावर शंभर-दोनशे मीटरचे भवितव्य ठरते.

स्फोटकांनी पाडलेला बंगला

किनाऱ्यावरील बेकायदा बांधकामांविरुद्ध 'शंभूराजे युवा क्रांती' या संस्थेने २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. अलिबाग तालुक्यातील अनेक गावांतील बंगल्यांचा प्रश्न तिच्यामुळे न्यायालयापुढे आला. पण कारवाई वर्षानुवर्षे रेंगाळली. पंजाब नॅशनल बँकेतील घोटाळा २०१८ मध्ये उघडकीस आल्यानंतर हिरे व्यापारी नीरव मोदी याचा किहीमच्या किनाऱ्यावरील बंगला देशभर चर्चेत आला.

सुमारे ३३ हजार चौरस फुटांचे हे बांधकाम पाडण्यास जिल्हा प्रशासनाने जानेवारी २०१९ मध्ये सुरुवात केली. यंत्रांनी ते आवरेना. अखेर खांबांना छिद्रे पाडून त्यांत स्फोटके भरण्यात आली आणि ८ मार्च २०१९ रोजी काही क्षणांत बंगला जमीनदोस्त झाला.

या कारवाईने कायद्याचा धाक दाखवला, तशीच त्याची मर्यादाही उघड केली. एवढे मोठे बांधकाम रातोरात उभे राहत नाही. वाळू, सिमेंट आणि सळया वाहणारी वाहने गावातूनच गेली असणार. जोते घातले जात असतानाच मोजमाप झाले असते, तर स्फोटकांची गरज पडली नसती. शिवाय बंगला पडला म्हणून तेथे वाडी परत आली, असे होत नाही.

महाविद्यालयांभोवतीचे शहर आणि सुटीचे गाव

मोकळ्या जागा भरणे सर्वत्र वाईटच असते, असे नाही. पुण्याचे उदाहरण बोलके आहे. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये स्थापन झाले, विधी महाविद्यालय १९२४ मध्ये आले आणि या संस्थांच्या आसपास डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, एरंडवणे येथे बंगल्यांच्या वसाहती वाढल्या. पुढच्या काळात त्या बंगल्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती आल्या. जुनी झाडे, अंगणे गेली, रस्ते कोंडले, याची हळहळ पुणेकरांना आहेच. पण त्या इमारतींत माणसे राहतात. खोली भाड्याने घेणारे विद्यार्थी, प्राध्यापक, खाणावळी, पुस्तकांची दुकाने यांनी तो परिसर बारा महिने जागता असतो. जेवढी जागा गेली, तेवढा तिचा उपयोगही झाला.

किहीममध्ये नेमका हाच हिशेब जुळत नाही. घर वाढले, पण गावाच्या शाळेत मूल वाढले नाही. विजेची जोडणी वाढली, पण ग्रामसभेला येणारा माणूस वाढला नाही. माळी, राखणदार, स्वयंपाकीण असे रोजगार मिळतात, बांधकामाच्या काळात गवंडी-सुतारांनाही काम मिळते, हे नाकारता येत नाही. परंतु काल वाडीचा मालक असलेला माणूस आज त्याच वाडीत पगारी माळी होतो, तेव्हा त्याला केवळ रोजगारनिर्मिती म्हणून चालणार नाही.

तालुक्याचे ठिकाण असलेले अलिबाग मात्र दुसऱ्या वळणावर आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेथे सुरू झाले असून त्याच्या कायम संकुलासाठी उसर येथील जागा निश्चित झालेली आहे. अशा संस्थेभोवती विद्यार्थी, परिचारिका, डॉक्टर यांच्यासाठी घरांची मागणी निर्माण होणारच. तालुक्यातील बांधकामाला कोठे वाव द्यायचा आणि कोठे आवर घालायचा, याचा विचार एकत्र करण्याची ही वेळ आहे. नित्य वस्तीची घरे अलिबाग व तिच्या आसपास आणि बागायत किनाऱ्यावर, अशी विभागणी आजही अशक्य नाही.

विहिरीच्या पाण्याचा हिशेब

या सगळ्यात डोळ्यांना न दिसणारी बाब म्हणजे भूजल. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर त्याचा थर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस मीटर जातो, असा भूजलशास्त्राचा ढोबळ नियम आहे. याचा अर्थ असा, की उपशाने वरची पातळी थोडी जरी उतरली, तरी खालचे खारे पाणी त्याच्या कित्येक पटींनी वर सरकते.

जुन्या वाडीतील विहीर उथळ होती आणि उपसा बागेपुरता होता. बंगल्यासाठी खोल विंधन विहीर घेतली जाते. हिरवळ आणि पोहण्याचा तलाव यांनाही पाणी लागते. तेही नेमके उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे पातळी सर्वांत खाली असताना. फरसबंदीमुळे पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. मैला वाहून नेणारी नळव्यवस्था नसलेल्या ठिकाणी प्रत्येक घराचा शोषखड्डा असतो. भूखंड लहान झाले, की एकाचा खड्डा दुसऱ्याच्या विहिरीजवळ येतो. भिंतीने जमीन वाटता येते, भूजल वाटता येत नाही. शेजारच्या वाडीतील पोफळीची पाने करपू लागतात, तेव्हा कारण आपल्या आवारात नसते.

त्यात निसर्गाचा तडाखा. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या तालुक्यांतील नारळ-पोफळीच्या बागांची मोठी हानी झाली. नव्या पोफळीला उत्पन्न सुरू होण्यास पाच-सात वर्षे लागतात, उंच जातीच्या नारळाला बहुधा त्याहून अधिक. बाग आडवी झालेल्या कुटुंबापुढे इतकी वर्षे थांबायचे की जागा विकायची, हा प्रश्न उभा राहिला तर नवल नाही.

स्थानिकांचे घर मात्र अडलेले

कायद्याची सर्वांत जाचक बाजू गावकऱ्यांच्या वाट्याला येते. कुटुंब वाढले, मुलांची लग्ने झाली, तरी गावठाणाची हद्द वाढत नाही. किनाऱ्यालगतच्या घराला एक खोली जोडायची, तर ना-विकास पट्ट्याचा प्रश्न येतो. बंगलेवाल्याकडे वास्तुविशारद, वकील आणि थांबण्याची ताकद असते. कोळी-आगरी-माळी कुटुंबाकडे ती नसते. मग विनापरवाना पडवी उभी राहते आणि नोटीस येते तेव्हा ती पडवी आणि बेकायदा बंगला कागदावर एकाच यादीत असतात.

पारंपरिक किनारी समाजाच्या घरांसाठी अधिसूचनांमध्ये सवलती आहेत. २०१९ च्या अधिसूचनेनुसार स्थानिक रहिवाशांना अस्तित्वातील घराचे जोते व दर्शनी स्वरूप न बदलता घरगुती पर्यटन निवासही चालवता येतो. पण या सवलती वापरायच्या, तर घराची नोंद हवी. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याची तरतूद आहे. किनारी गावांच्या दृष्टीने तिचे महत्त्व कर्ज मिळविण्यापुरते नाही. आपले घर अधिसूचनेपूर्वीचे आहे, हे सिद्ध करण्याच्या कामी तिची भर पडते.

जमीन घेण्या-देण्यापूर्वी

किनारी गावात व्यवहार करणाऱ्यांनी पुढील बाबी तपासणे हिताचे आहे.

• सातबारा व आठ-अ उताऱ्यांबरोबर जुने फेरफार पाहावेत. जमीन भोगवटादार वर्ग एकची की दोनची, कुळाची नोंद व कलम ४३ चा शेरा आहे का, हे त्यांतून कळते.

• भरतीरेषा व सीआरझेडच्या हद्दी मान्यताप्राप्त किनारा व्यवस्थापन नकाशावर, १:४००० या प्रमाणात, भूमापन क्रमांकानुसार पडताळाव्यात. दलालाने पावलांनी मोजून दाखविलेल्या अंतराला अर्थ नाही.

• ग्रामपंचायतीचा दाखला, बांधकाम परवानगी आणि सीआरझेडची मान्यता या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक आहे म्हणून दुसरी आहे, असे समजू नये.

• जुने घर विकत घेऊन पुन्हा बांधायचे असल्यास त्याचे जोते व क्षेत्र यांची अधिकृत नोंद मिळवावी. नोंदीपेक्षा मोठे घर 'दुरुस्ती'त बसत नाही.

• वाडी विकणाऱ्या कुटुंबाने विहिरीचा, पाटाचा आणि वाटेचा हक्क खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्यावा. भावकीतील उरलेल्या वाड्यांचे पाणी आणि रस्ता पुष्कळदा याच एका ओळीवर अवलंबून असतात.

मोजायचे काय?

आजचे नियम भरतीरेषेपासूनचे अंतर मोजतात, इमारतीची उंची मोजतात, चटईक्षेत्र मोजतात. या मर्यादा आवश्यक आहेत आणि त्यांची अंमलबजावणी जोते घालतानाच व्हायला हवी. पण वाडीत किती झाडे उभी आहेत, विहिरीचे पाणी मे महिन्यात किती खारे झाले आणि घरात वर्षातले किती दिवस दिवा लागतो, हे कोणीही मोजत नाही. ५०० मीटरच्या पलीकडची वाडी तर सीआरझेडच्या कक्षेतच येत नाही; तिला वाचवणारी तरतूद जवळजवळ नाहीच.

हे मोजण्यास मोठ्या यंत्रणेची गरज नाही. गावातील विहिरींच्या पाण्याची पातळी आणि खारेपणा पावसाळ्यापूर्वी व नंतर नोंदवणे, भूखंड पाडताना सामाईक विहीर व पाट मोकळे ठेवण्याची अट घालणे, नव्या बांधकामाला पर्जन्यजल मुरविण्याची व्यवस्था केल्याशिवाय वापर परवाना न देणे, एवढे तरी ग्रामसभा आणि तालुका प्रशासन मिळून करू शकतात. किहीममध्ये घर बांधायला येणारा प्रत्येक जण वाडीच्या सावलीसाठीच येतो. ती सावली ज्या विहिरींवर उभी आहे, त्या आधी टिकल्या पाहिजेत.